भिंतींची जजबाई

कामावरची माणसं त्या बाईंना जजबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं “बाई”. पाठीमागचं हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, पण आवडतं असं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तसं पाहिलं तर त्यांच्या स्वभावात काहीच कबूल करणं नव्हतं.

त्या न्याय करत तो भिंतींचा. कुठं नळ फुटतो, कुठं छपराची पन्हळ तुंबते, कुठं वरच्या मजल्यावरचा गृहस्थ अंघोळीचं पाणी सोडून फोनवर गप्पा मारत बसतो, आणि पाणी गुपचूप भिंतीत शिरतं. हल्लीच्या भिंती पोकळ. दोन्ही बाजूंना फळ्यांसारख्या पातळ पाट्या, मधे लाकडी उभे दांडे, आणि दांड्यांमधल्या खणांत ऊन-थंडी अडवायला भरलेला काचेचा पिवळा कापूस. हा कापूस एकदा भिजला की संपला. पिळून वाळवला तरी उपयोग नाही. तो खाली बसतो, वर पोकळी राहते, आत बुरशी धरते आणि घरातली माणसं वर्षभर खोकत डॉक्टर बदलत राहतात. म्हणून पाटी कापायची, भिजलेला कापूस तेवढा काढायचा आणि कोरडा तेवढा ठेवायचा. धंदा ऐकायला सोपा आहे. अडचण एवढीच, की वरून दोन्ही कापूस सारखेच दिसतात.

तिथं जजबाई लागत. त्या हातमोजा काढायच्या, हाताची पालथी बाजू कापसावर टेकवायच्या आणि जरा थांबून दोनपैकी एक शब्द उच्चारायच्या. “गेलं” किंवा “आहे”. गेलं म्हणजे काढा, आहे म्हणजे राहू द्या. अपिलाची सोय नव्हती. तळहात का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “तळहात कामानं निबर होतो, मग तो काहीही सांगतो.” घरमालक लोक आधी हसायचे आणि मग पाटी उघडल्यावर गप्प व्हायचे. त्यात जादू काही नव्हती. वर्षानुवर्षं एकच गोष्ट केली की ती येते, इतकंच. पण जजबाई ते असं सांगत नसत. न सांगण्यात वजन असतं हे त्यांना बरोबर कळत होतं.

निकालाची अंमलबजावणी वहिनीकडं. वहिनी म्हणजे जजबाईंच्या थोरल्या भावाची बायको. वयानं जजबाईंपेक्षा लहान, नात्यानं मोठी. ती सुरीनं कापूस उभा चिरायची, गुंडाळी करून ओढून काढायची आणि जाड पिशव्यांत भरायची. जजबाईंना ती वन्सं म्हणे. आपणही इथून पुढं वन्संच म्हणू, कारण ही हकिगत वहिनीच्या बाजूनं सांगायची आहे, आणि वहिनीनं त्यांना जन्मात कधी जजबाई म्हटलं नाही.

धंदा मुळात भावाचा. त्याच्या हाताखाली आधी बायको गेली, मग बहीण गेली आणि पुढं एका आजारपणात तोच गेला. त्याच्याबद्दल बोलताना दोघी “हे असताना”, “दादा असताना” असं म्हणत. “गेला” हा शब्द भिंतींच्या कामाला लागलेला होता.

तो असताना दोघींचं पटत नव्हतं आणि नसतानाही पटेना. वन्संना खिडकी उघडी हवी, वहिनीला बंद. वन्संना चहा कडक, वहिनीचा दुधाळ. वहिनी चमचा तसाच साखरेच्या डब्यात घालते, यावरून वन्संनी इतक्या वेळा नाक मुरडलं होतं, की वहिनी आता मुद्दाम घालायची. शेजारीपाजारी म्हणत, या दोघी वर्षभरही एका छपराखाली राहायच्या नाहीत. वन्सं लग्नाच्या भानगडीत पडलेल्या नव्हत्या, वहिनीला मूलबाळ नव्हतं. दोघींना जोडणारा माणूस भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसलेला. वन्संनी तेव्हाच काय ते स्पष्ट सांगून टाकलं होतं.

“वहिनी, दादा होता तोवर हे भावाचं घर होतं. आता तुमचं आहे. मी इथं कामापुरती. हात चालतो तोवर राहीन, फुकट नाही राहायची. पुढं चुलतबहिणीकडं एक खोली आहे, तिकडं जाईन.”

“बरं,” वहिनी म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट मनात म्हणाली असेल, लवकर जा. पण वर्षं गेली, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर समोरच्या खुर्चीत कुणीतरी कुरकुरत बसलेलं असणं याची सवय झाली. सवय हा फार चोरपावलांनी येणारा प्रकार आहे. वहिनीला माहेर होतं, पण नावापुरतं. वन्सं गेल्या तर या घरात आपण आणि फोटो, एवढंच उरेल, हे तिला एक दिवस भांडी घासताना लख्ख कळलं. ती घाबरली. कुणाला बोलली नाही.

नंतर एका सुट्टीच्या सकाळी वन्सं ओट्यापाशी उभ्या राहून खिडकीचं नेहमीचं पुराण सांगत होत्या. बोलता बोलता त्यांचा उजवा हात मागं गेला आणि पालथी बाजू शेगडीवरच्या किटलीला टेकली. टेकली ती तशीच राहिली. वन्सं बोलतच होत्या. वहिनीला आधी वास आला.

“वन्सं, हात.”

वन्संनी खाली पाहिलं. हात काढून घेतला. “अगंबाई,” म्हणाल्या, छत्री दुकानात विसरल्यावर म्हणावं तसं. फोड तिथल्या तिथं उठला होता. वहिनीनं पाणी ओतलं, मलम लावलं. वन्सं एकदाही स्स करेनात. थोड्या वेळानं मात्र, वहिनी आपल्याकडं बघतेय असं लक्षात आल्यावर, त्यांनी हात झटकला आणि “आग होतेय बाई फार” असं म्हटलं. ते इतकं उशिरा आणि इतकं खोटं होतं, की वहिनीनं मलमाचं झाकण लावता लावता पुन्हा त्या हाताकडं पाहिलं.

ज्या कातडीनं आजवर हजारो भिंतींचे निकाल दिले, ती कातडी मेली होती. आणि हात चालतो तोवरच वन्सं राहणार होत्या. वहिनीनं दोन आणि दोन चार केले आणि तोंडात मूग धरून बसली.

आता काहीतरी करणं भाग होतं. तिनं जे केलं ते तिच्या बुद्धीप्रमाणं केलं, आणि बुद्धी काही कमी नव्हती, फक्त प्रेमात पडल्यावर होते तेवढी ती मंद झाली होती. प्रेम हा शब्द वहिनीला रुचला नसता, पण दुसरा सापडत नाही.

ती पुढं चालायला लागली. आधीच्या पद्धतीत वन्सं पुढं, वहिनी मागं. आता वहिनी “धूळ झटकते” असं म्हणून वन्संच्या आधी खणापाशी जायची, मोजा काढून कापसावरून हात फिरवायची, आणि भिजलेला वाटला तर त्या खणाच्या पायाशी एक पिशवी टाकायची. कोरडा वाटला तर तशीच पुढं. मागून वन्सं यायच्या, पालथा हात टेकवायच्या, जरा थांबायच्या आणि निकाल द्यायच्या. पिशवी असेल तिथं “गेलं”, नसेल तिथं “आहे”.

पहिल्या एका-दोन घरांत निकाल आणि पिशव्या अगदी तंतोतंत जुळल्या. वहिनीला हायसं वाटलं. तिच्या मनानं घेतलं, की वन्संच्या हातात अजून थोडी जाण शिल्लक आहे. आपण चुकलो तर त्या नाही म्हणतीलच की. इतक्या ठामपणे कुणी उगीच का “गेलं” म्हणेल? वन्संचा ठामपणा हा हातातून नव्हे तर घशातून येत होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही. वन्सं मरणाच्या दारात असत्या तरी ठामच असत्या.

थंडीच्या दिवसांत वाचनालयाचं काम आलं. वाचनाच्या खोलीच्या भिंतीतला पाइप फुटला होता. पुस्तकं मधोमध रचून त्यांवर प्लॅस्टिक अंथरलेलं, खोली गरम करण्याची यंत्रं बंद, आणि खिडक्या वाळवणीसाठी सताड उघड्या. ग्रंथपाल बाई कोट घालून दारात उभ्या होत्या. “जास्त फोडू नका हं,” एवढंच म्हणाल्या आणि नाक पुसत निघून गेल्या.

पाट्या उतरल्या. वहिनी पहिल्या खणाशी गेली, मोजा काढला, हात टेकवला. गार. पुढचा खण, गार. त्याच्या पुढचाही गार. आता हे ओलं म्हणून गार, की नुसतं थंडीनं गार? या कामातली मेख नेमकी इथं आहे. गारठलेला कोरडा कापूस आणि भिजलेला कापूस यांत बोटांना फरक कळत नाही. हाताच्या पालथ्या बाजूला कळतो, तोही वन्संसारख्या मुरलेल्या हाताला. वहिनीनं आयुष्यभर सुरी चालवली होती. हात टेकवणं तिचं कामच नव्हतं.

तिला काही उमजेना. ठेवलेला ओला कापूस महाग पडतो, काढलेला कोरडा खपून जातो, असा विचार करून तिनं पिशवी टाकली. पुढं पुन्हा टाकली. मागून वन्संचा आवाज येत होता, “गेलं.” जरा वेळानं, “गेलं.” तो ऐकून वहिनीला धीर यायचा आणि ती पुढची पिशवी टाकायची. असं करत करत दोघींनी वाचनाच्या खोलीची ती अख्खी लांबलचक भिंत मोकळी केली.

भरताना पिशव्या हलक्या लागत होत्या. लागत होत्या हे वहिनीला कळतही होतं. ओल्या कापसाची पिशवी ओढायला कमरेचा काटा ढिला होतो, आणि या तर नुसत्या बोटावर येत होत्या. पण वन्सं गेलं म्हणाल्या होत्या. वहिनी भरत राहिली.

दुपार कलल्यावर, दोघींना कामं आणून देणारा मुकादम पिशव्या न्यायला गाडी घेऊन आला. अंगानं आडवा, बोलायला मोकळा, वाईट माणूस नाही. पिशवी उचलायची म्हणून त्यानं पाय फाकवले, श्वास भरला, दोन्ही हातांनी हिसका दिला, आणि पिशवीसकट मागच्या मागं भिंतीवर जाऊन आदळला.

“बाई, हवा भरलीत काय?” तो हसत म्हणाला. मग त्यानं पिशवीचं तोंड सोडलं, आत हात घातला. कोरडा कापूस भुरभुरत वर आला, त्याच्या नाकात गेला आणि त्याला शिंकांवर शिंका आल्या. दुसरी पिशवी सोडली, तिसरी सोडली. शेवटची शिंक झाल्यावर तो हसत नव्हता.

त्यानं आधी भिंतीकडं पाहिलं, मग वन्संकडं. वन्संची मान ताठ होती.

“दमला असाल तुम्ही,” तो म्हणाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला वन्संनी उभा चिरला असता.

“माझी चूक आहे,” वहिनी मधेच म्हणाली. “पिशव्या मीच ठेवल्या.”

मुकादमाला त्यात काही कळलं नाही. पिशव्या कुणीही ठेवो, त्याचा काय संबंध? पण वन्संनी मान वळवून वहिनीकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मुकादम गाडीत जाऊन एक मुठीएवढं यंत्र घेऊन आला. त्याला पुढं दोन सुया, वर बारकी काच. “हे असू द्या जवळ. सुया टोचायच्या, ओलीचा आकडा बघायचा. सगळ्यांनाच देतोय आता,” म्हणाला. सगळ्यांना देत नव्हता, तिथंच सुचलेली थाप होती. वन्संनी हात पुढं केला नाही, तेव्हा ते वहिनीला घ्यावं लागलं.

दोघी घरी आल्या. वहिनीनं चहा टाकला. वन्संनी खिडकी उघडली नाही. ती बंदच राहिली हे पाहून वहिनीला रडू यायचं बाकी राहिलं.

“कधीपासून माहीत होतं?” वन्संनी विचारलं.

“किटलीपासून.”

“आणि म्हणून धूळ झटकत होतात.”

“हो.”

“मला वाटलंच होतं,” वन्सं म्हणाल्या. “मी पिशवीच बघत होते.”

वहिनीच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं. “म्हणजे तुम्हाला काहीच लागत नव्हतं?”

“काही नाही. लाकूड टेकवल्यासारखं. तुमचा हात बरोबर असणार असं धरून चालले. इतकी वर्षं बघताय, शिकला असाल.”

“आणि मी धरून चालले, की मी चुकले तर तुम्ही सांगाल.”

 ती अख्खी भिंत दोघींच्या डोळ्यांपुढं उभी होती आणि तिचा न्याय कुणीच केलेला नव्हता. एकीनं पिशवीवर विश्वास ठेवला, दुसरीनं आवाजावर. वहिनीला एकदम हसू फुटलं. वाईट वेळी फुटलं. वन्सं उठून उभ्या राहिल्या.

“हसा. मी तिथं मोजा काढून, डोळे मिटून नाटक करतेय आणि तुम्ही पुढं पिशव्या टाकताय. हात गेला ते गेला, त्याचं एवढं नाही. पण माझी कीव करत होतात तुम्ही. तोंडावर सांगायचं होतंत, की बाई, तुझं संपलं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात.”

“कुठं?”

“चुलतबहिणीकडं. तुम्हीच म्हणाला होतात. हात चालतो तोवर.”

“मग जाणारच. शब्द आहे माझा. ते यंत्र आहे आता, ते आणि तुम्ही, दोघं पुरे आहात. सांगा मुकादमाला, मी येत नाही म्हणून.”

आयुष्यभर बरं म्हणत आलेल्या वहिनीच्या जिभेवर याही वेळी ते आलं होतं. तिनं ते गिळलं.

“मला यंत्र नकोय,” ती म्हणाली. “भिंतींचं मला काय करायचंय? पडल्या तरी चालतील. मला घरात माणूस हवंय. संध्याकाळी माझ्या चहाला नावं ठेवायला कुणीतरी हवंय. एवढ्यासाठी केलं मी. तुमची कीव नव्हते करत, माझीच करत होते.”

 वन्सं आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पलंगाखालून बॅग ओढल्याचा. वहिनी बाहेर बसून ऐकत राहिली. आत जावं असं तिला फार वाटलं, पण आज दिवसभरात तिनं न विचारता पुष्कळ मदत केली होती आणि तिचं काय झालं ते समोर होतं. ती उठली नाही. चहा दोन्ही कपांत थंड झाला.

सकाळी ती एकटीच तयार झाली. कामाचा अंगभर पांढरा डगला चढवला, यंत्र टेबलावर मांडून ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बसली. वन्संच्या खोलीचं दार बंद होतं. आत काहीतरी खडखडत होतं, थांबत होतं, पुन्हा खडखडत होतं. बॅगेचं बक्कल असेल, असं तिला वाटलं. बाहेर मुकादमाच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती उठली नाही. हॉर्न पुन्हा वाजला.

दार उघडलं. वन्सं उभ्या होत्या. अंगात पांढरा डगला होता, पण पुढून उघडा. चेनची खालची दोन टोकं त्यांच्या दोन्ही मुठींत होती आणि ती एकमेकांत बसत नव्हती. कपाळावर घाम आला होता. हा खेळ रोज सकाळी दार लावून किती महिने चालला होता, कोण जाणे.

वहिनी जागची हलली नाही. वन्संनी तिच्याकडं पाहिलं, टेबलावरच्या यंत्राकडं पाहिलं. ते उचलून खिशात टाकलं.

“आकडे मी बघेन. तुझे डोळे धड नाहीत,” त्या म्हणाल्या. मग दोन्ही हात बाजूला सोडून त्या तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “बघत काय बसलीस? लाव की ही चेन.”

वहिनी गुडघ्यांवर बसली. तिनं खालची टोकं जुळवली आणि चेन सावकाश वर ओढत आणली, पोटावरून, छातीवरून, गळ्यापर्यंत. तिथं ती थांबली.

“मान वर कर,” वहिनी म्हणाली.

वन्संनी मान वर केली.